दुखणं ओटीपोटात, सुई घोट्याजवळ

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या औसा रोडवर लघवीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या काही बायकांच्या हातात कागदांची जाड फाईल असते. चार दवाखाने, दोन-तीन लॅब, एखादं सोनोग्राफी सेंटर, सगळ्यांचे कागद एकावर एक. वाचत गेलं तर प्रत्येक कागद तेच सांगतो. लघवीत जंतू वाढले नाहीत. मुतखडा नाही. साखर ठीक. मूत्रपिंडं दोन्ही चांगली. आणि फाईल घेऊन बसलेल्या बाईच्या ओटीपोटात मात्र ठणका लागलेला असतो. लघवी साठत गेली की तो वाढतो, होऊन गेली की थोडा उतरतो, आणि अर्ध्या तासात पुन्हा सुरू. दिवसात वीस वेळा जावं लागतं, रात्री चार-पाचदा उठावं लागतं. नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. पाळीच्या आधीचे दिवस आणखी वाईट.

सुरुवातीला घरात सगळे म्हणतात, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा होतो, वाळा घातलेलं माठातलं पाणी होतं. मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा. थोडा फरक पडल्यासारखा वाटतो, कारण हा आजार मुळातच चढत-उतरत राहतो. त्यामुळे गोळीनं बरं वाटलं असा समज पक्का होतो आणि पुढच्या वेळी तीच गोळी थेट मेडिकलमधून येते. जंतूच नसताना जंतूंवरचं औषध वर्षानुवर्षं चालू राहतं.

या दुखण्याला वैद्यकात इंटरस्टिशियल सिस्टायटिस असं नाव आहे. अलीकडे डॉक्टर ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणणं पसंत करतात. नाव नवं वाटलं तरी आजार नवा नाही. अलेक्झांडर स्कीन या अमेरिकी डॉक्टरांनी 1887 साली त्याचं वर्णन केलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले गाय हनर यांनी 1915 मध्ये काही रुग्णांच्या मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर लालसर, सहज रक्तस्राव होणारे चट्टे दाखवून दिले. त्या चट्ट्यांना आजही हनरचंच नाव आहे. पण ते थोड्याच रुग्णांत सापडतात. बाकीच्यांच्या मूत्राशयात दुर्बीण घातली तर आतून फारसं काही दिसत नाही. सहा आठवड्यांहून जास्त काळ मूत्राशयाशी जोडलेलं दुखणं किंवा दाब, सोबत घाई किंवा वारंवार लघवी, आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं कोणतंही उघड कारण नाही, अशी त्याची आजची व्याख्या आहे. म्हणजे बाकी सगळं तपासून बाजूला सारल्यावर जे उरतं, ते हे.

अमेरिकेत रँड या संस्थेनं घरोघरी फोन करून एक मोठी पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. प्रौढ स्त्रियांपैकी 2.7 ते 6.5 टक्के जणींना या आजाराची लक्षणं होती, आणि त्यांच्यातल्या दहा टक्क्यांपेक्षाही कमी जणींना या आजाराचं निदान मिळालेलं होतं. दवाखाने आणि विमा असलेल्या देशात ही गत असेल, तर मुखेड, देगलूर, निलंगा, जळकोटच्या बाईला आपल्या दुखण्याचं नाव कळणं किती अवघड आहे हे वेगळं सांगायला नको.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ओटीपोटात दुखतं म्हटलं की बोट थेट गर्भपिशवीकडे जातं. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची 2019 साली सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या शस्त्रक्रियांमागे मजुरी बुडण्यापासून दवाखान्यांच्या नफ्यापर्यंत अनेक कारणं होती, आणि त्यातल्या कितीजणींना मूत्राशयाचं दुखणं होतं याची नोंद कुणी केलेली नाही. पण परदेशातल्या रुग्णांच्या इतिहासात एक गोष्ट वारंवार आढळते: मूत्राशयाचं निदान होण्याआधी अनेकींचं गर्भाशय काढून झालेलं असतं, आणि त्यानंतरही दुखणं जागच्या जागी असतं. मूत्राशय आणि गर्भाशय अगदी खेटून आहेत, दोन्हींच्या नसा कण्याच्या खालच्या टोकाशी शेजारीशेजारी जातात. दुखतंय कुठून हे शरीरालाही नीट सांगता येत नाही. म्हणून पिशवी काढायच्या कागदावर सही करण्याआधी एवढं एक विचारलं पाहिजे: लघवी साठल्यावर दुखणं वाढतं का, आणि झाल्यावर उतरतं का?

आता नसांकडे येऊ.

निरोगी माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. भरत चाललं की भिंत ताणते आणि तिच्यातल्या मज्जातंतूंकडून कण्याकडे खबर जाते. ही रोजची खबर नेणारे तंतू वेगळे. त्यांच्याशेजारी दुसरे बारीक, संथ तंतू असतात, त्यांना सी तंतू म्हणतात. एरवी ते जवळजवळ गप्पच असतात. अस्तराला इजा झाली, सूज आली, अस्तरावरचा संरक्षक थर विरळ होऊन लघवीतले क्षार आत झिरपू लागले, की हे तंतू जागे होतात आणि जळजळ, ठणका, घाई अशा खबरा पाठवतात. इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. अडचण पुढे आहे. महिनोन् महिने अशा खबरा येत राहिल्या की त्या घेणारा मेरुरज्जूच बदलतो. रानडुकरांनी एकदा पीक लोळवल्यावर राखणीला बसलेला माणूस नुसतं पान हललं तरी गोफण फिरवतो, तशी त्याची अवस्था होते. पन्नास मिलिलिटर लघवी साठली तरी तो वेदनेची हाक देतो. मूळ जखम भरली तरी ही सवय सुटत नाही. ओटीपोटाचे, मांड्यांचे, गुदद्वाराभोवतीचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि त्यांचं दुखणं मूळ दुखण्यात मिसळतं.

नुसतं मूत्राशयात औषध सोडून किंवा पोटात गोळ्या घेऊन काहींना का पुरत नाही, याचं उत्तर इथे आहे. आणि नसेला विजेच्या सौम्य ठोक्यांनी हाताळायची कल्पना इथूनच पुढे येते.

विजेनं दुखणं शमवायची खटपट फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीला आणि संधिवाताला विजेचा झटका देणारा जिवंत टॉर्पेडो मासा लावायला सांगत असे. शास्त्र मात्र 1965 साली आलं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की वेदनेची खबर मेंदूकडे सरळ जात नाही. मेरुरज्जूत तिला एक फाटक लागतं. स्पर्शाच्या, दाबाच्या जाड तंतूंमधून त्याच वेळी खबर आली तर ते फाटक अर्धवट लागतं. गुडघा दारावर आपटल्यावर आपण तो चोळतो आणि बरं वाटतं, ते याच फाटकामुळे. वॉल आणि विल्यम स्वीट यांनी 1967 मध्ये स्वतःच्याच चेहऱ्यावरच्या नसेत विजेच्या सुया घालून पाहिल्या, आणि ठोके चालू असेपर्यंत त्या भागाची वेदना मंदावल्याचं नोंदवलं. आज लातूर-नांदेडच्या फिजिओथेरपीच्या खोल्यांत पाठदुखीला जे टेन्स मशीन लावतात, त्याचा उगम या कामात आहे.

मूत्राशयाच्या दुखण्यावर हे मशीन नेटानं वापरून पाहिलं ते स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या मॅग्नस फॉल यांनी. ओटीपोटावर, जघनास्थीच्या वर दोन चिकटपट्ट्या लावायच्या आणि रुग्णानं घरीच रोज ठोके घ्यायचे. हनरचे चट्टे असलेल्यांना त्याचा फायदा चट्टे नसलेल्यांपेक्षा जास्त झाला. फायदा दिसायला मात्र आठवडे नव्हे, महिने लागायचे.

मग घोटा कुठून आला? दुखणं ओटीपोटात आणि सुई पायाला, हे ऐकून कुणालाही आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी वाटेल. पण नसांचा नकाशा पाहिला की शंका फिटते. पायाच्या मागून तळव्याकडे जाणाऱ्या टिबियल नसेची मुळं कमरेच्या चौथ्या मणक्यापासून त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या, तिसऱ्या मुळापर्यंत पसरलेली असतात. मूत्राशयाच्या नसा त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुळांतून निघतात. मेरुरज्जूत दोघांची गाठ एकाच ठिकाणी पडते. घोट्याजवळ नसेला छेडलं की खबर वर जाऊन मूत्राशयाच्याच खोलीत पोहोचते. चिनी सुईवैद्यकात याच जागेवरचा बिंदू पिढ्यान्‌पिढ्या मूत्रविकारांसाठी वापरला गेला आहे. कॅलिफोर्नियातल्या मार्शल स्टोलर यांनी नव्वदच्या दशकात त्यावर पद्धतशीर उपचार बसवला, आणि 2000 साली अमेरिकेत त्याच्या यंत्राला लघवीची घाई आणि वारंवारता यासाठी परवानगी मिळाली.

ही गोष्ट प्रत्यक्षात कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण ‘करंट देणार’ एवढं ऐकूनच अनेकजणी उठून जातात. रुग्ण खुर्चीत टेकून बसते, पाय थोडे वर. पायाच्या आतल्या बाजूचा घोटा बोटानं चाचपायचा. तिथून तीन बोटं, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या काठाला लागून एक मऊ खळगा लागतो. तिथे केसासारखी बारीक सुई तिरकी आत जाते. टोचल्याचं फारसं कळत नाही. तळपायाच्या कमानीपाशी एक चिकटपट्टी लागते. यंत्राचा प्रवाह थोडा थोडा वाढवत नेतात आणि सगळ्यांची नजर पायाच्या अंगठ्याकडे असते. अंगठा खाली वळला, किंवा बोटं पंख्यासारखी पसरली, किंवा तळव्यात झिणझिण्या उतरल्या, की नस सापडली. मग प्रवाह सोसेल इतका ठेवायचा. सेकंदाला 20 ठोके, अर्धा तास. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. सुई नको असेल तर घोट्यामागे आणि त्याच्या वर अशा दोन पट्ट्या लावून साध्या टेन्स मशीननंही नस छेडता येते. त्यात प्रवाह कातडीतून जावा लागतो, म्हणून तो आठवड्यातून अनेकदा घ्यावा लागतो. पण तो घरी घेता येतो, आणि मशीन काही हजार रुपयांत मिळतं.

हे किती उपयोगी पडतं? इथे मोकळेपणानं बोललं पाहिजे, कारण कंटाळलेला रुग्ण कोणत्याही मशीनवर विश्वास ठेवायला तयार असतो. लघवीची अनावर घाई असणाऱ्या 220 जणांवर अमेरिकेत एक चांगली चाचणी झाली, तिचा अहवाल 2010 मध्ये आला. खरी सुई मिळालेल्यांपैकी 54.5 टक्के जणांना ठळक फरक पडला, खोट्या उपचारात हे प्रमाण 20.9 टक्के होतं. हा फरक भक्कम आहे. पण ते रुग्ण घाईचे होते, वेदनेचे नव्हते. मूत्राशयाच्या वेदनेवर घोट्याच्या सुईचे अभ्यास लहान आहेत, वीस-वीस रुग्णांचे, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत दुखणं कमी झालं, काहींत नाही. म्हणून माझं मत असं आहे: हा उपचार करून पाहावा, कारण तो स्वस्त आहे, परत फिरता येण्यासारखा आहे आणि त्यानं नुकसान जवळजवळ होत नाही. पण पहिल्या दिवशीच ‘यानं बरं होईल’ असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नये. रात्री उठणं पाचावरून दोनवर आलं, तरी ज्या बाईची झोप चार वर्षं मोडली आहे तिच्यासाठी ते फार मोठं आहे.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. सॅन फ्रान्सिस्कोत एमिल तनाघो आणि रिचर्ड श्मिट यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्रिकास्थीच्या छिद्रातून थेट तिसऱ्या मुळापाशी तार ठेवायची पद्धत विकसित केली. माकडहाडाच्या वरच्या त्या त्रिकोणी हाडाला छिद्रांच्या जोड्या असतात. तिसऱ्या छिद्रातून बारीक तार आत जाते. ती योग्य जागी बसली की गुदद्वाराभोवतीचे स्नायू आत ओढले जातात आणि अंगठा वळतो. इथेही खूण अंगठ्याचीच. आधी तार बाहेरच्या छोट्या यंत्राला जोडून काही दिवस तपासतात. त्रास निम्म्यानं तरी कमी झाला तरच पुढच्या टप्प्यात कुल्ल्याच्या वरच्या भागात, कातडीखाली, काडेपेटीएवढं बॅटरीचं यंत्र बसवतात. नाही झाला तर तार काढून घेतात आणि विषय संपतो. मला या पद्धतीतली ही गोष्ट सगळ्यात पटते: आधी चाचणी, मग खर्च.

अमेरिकेत 1997 मध्ये घाईमुळे लघवी सुटण्यासाठी आणि 1999 मध्ये वारंवारता आणि अडकलेली लघवी यांसाठी या यंत्राला मान्यता मिळाली. वेदनेसाठी म्हणून ती मिळाली नव्हती, पण बाकी सगळे उपाय थकल्यावर डॉक्टर ते वेदनेच्या रुग्णांतही वापरतात. कॅनडातल्या एका केंद्रानं आपला चौदा वर्षांचा अनुभव 2011 मध्ये मांडला. मूत्राशयाच्या वेदनेच्या 78 रुग्णांची चाचणी झाली, 46 जणांना यंत्र बसवलं, त्यातल्या 72 टक्के जणांना दीर्घकाळ फायदा राहिला. उरलेल्या 28 टक्के जणांचं यंत्र काढावं लागलं, आणि पुन्हा छोटी-मोठी शस्त्रक्रिया करायची वेळही अनेकांवर आली. म्हणजे उपचार खरा आहे, पण त्याच्यामागे राबणारी टीम हवी, वारंवार यंत्र जुळवून देणारं कुणी हवं. आपल्याकडे यंत्राचीच किंमत काही लाखांत जाते. नांदेड-लातूरच्या रुग्णाला त्यासाठी हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि तीही एकदा नव्हे.

म्हणून या दोन जिल्ह्यांपुरता विचार केला तर मला घोटा जवळचा वाटतो. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, एमआयएमएसआर हे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोन्ही शहरांत फिजिओथेरपिस्ट आहेत आणि त्यांच्या टेबलावर टेन्स मशीन आहे. पाठीला, मानेला, गुडघ्याला ते रोज लागतं. घोट्याला लावण्यासाठी वेगळी इमारत बांधावी लागत नाही. लागतं ते एवढंच, की मूत्रविकारतज्ज्ञानं निदान करून चिठ्ठीवर तसं लिहावं आणि फिजिओथेरपिस्टनं पट्ट्यांची जागा आणि ठोक्यांचा वेग शिकून घ्यावा. बारा आठवड्यांच्या खेपा अहमदपूर, चाकूर, लोह्याच्या बाईला जड जातात, हे खरं. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा इथे खरा उपयोग होतो. तरी अडचण तिकिटापेक्षा रस्त्याची आहे. ज्या बाईला अर्ध्या तासाला जावं लागतं, तिला नांदेड-लातूरच्या गाडीत बसणं हीच शिक्षा. अनेकजणी आदल्या रात्रीपासून पाणी बंद करतात. त्यानं लघवी घट्ट होते आणि घट्ट लघवी आजारी अस्तराला आणखी झोंबते. थोडं थोडं पाणी पीत राहणं बरं. बसस्थानकावरची स्वच्छ, उघडी, मोफत मुतारी हा या आजाराच्या उपचाराचाच भाग आहे असं मी मानते.

मशीन लावण्याआधी मात्र काही गोष्टी टाळून चालणार नाही. आपल्या भागात क्षयरोग मूत्राशयातही बसतो. लघवीत पू पेशी दिसतात आणि साध्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, तेव्हा पहाटेच्या लघवीची क्षयासाठी तपासणी झालीच पाहिजे. क्षय तसाच ठेवून वर ठोके देत बसलं तर मूत्राशय आकसून शिवणकामाच्या अंगुस्तान्याएवढं होतं आणि मग परतीची वाट नसते. लघवीतून रक्त गेलं, विशेषतः मिश्री-तंबाखूची सवय असलेल्या माणसाला, तर दुर्बिणीनं आत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण मूत्राशयाचा कर्करोगही सुरुवातीला असाच जळजळीचं सोंग घेतो. हनरचे चट्टे सापडले तर ते तिथेच जाळून टाकल्यानं पुष्कळ आराम पडतो. हृदयाला पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर हा उपचार करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुईआधी डॉक्टरांना सांगावं. मधुमेहानं पायाच्या नसा बधिर झाल्या असतील तर घोट्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

सोबत दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे आवळलेले स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी. अमेरिकेतल्या 2012 च्या एका चाचणीत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर हातानं केलेल्या उपचारानं 59 टक्के बायकांना फरक पडला, साध्या मालिशनं 26 टक्क्यांना. आपल्याकडे लघवीची तक्रार म्हटली की आवळण्याचे व्यायाम सांगतात. या आजारात ते उलटे पडतात. दुसरी गोष्ट जेवणाची. ठेचा, येसराचं झणझणीत कालवण, चिंच, टोमॅटो, आणि सगळ्यात जास्त चहा, यांनी अनेकींचं दुखणं भडकतं. सगळं एकदम सोडायची गरज नसते. एकेक पदार्थ दोन आठवडे बंद ठेवून पाहायचं, फरक नसेल तर पुन्हा सुरू करायचं.

फरक आहे की नाही हे ठरवायला वही लागते. मुलाची जुनी शाळेची वही चालते. मेडिकलमधून मापाचं प्लास्टिकचं भांडं आणायचं आणि तीन दिवस लिहायचं: किती वाजता, किती मिली, दुखणं दहापैकी किती, आधी काय खाल्लं-प्यायलं. लिहिता येत नसेल तर लेकीनं किंवा सुनेनं लिहावं. पहिल्या दिवशी प्रत्येक ओळीत साठ, सत्तर, पन्नास असे आकडे येतात. उपचाराआधी एकदा, सहाव्या आठवड्याला एकदा आणि बाराव्या आठवड्याला एकदा अशी वही भरली, की डॉक्टरांसमोर ‘बरं वाटतंय थोडं’ असं म्हणावं लागत नाही. आकडे शंभर, दीडशेकडे सरकले असतील आणि रात्रीच्या ओळी कमी झाल्या असतील, तर पुढे तीन-चार आठवड्यांतून एकदा ठोके घेत राहावे लागतात, कारण एकदम थांबवलं तर बहुतेकींचं दुखणं हळूहळू परतून येतं. बाराव्या आठवड्यालाही वही पहिल्यासारखीच असेल, तर घोट्याचा उपाय आपल्यासाठी नाही असं समजून तिथेच थांबावं आणि तीच वही घेऊन मोठ्या शहरातल्या मूत्रविकारतज्ज्ञाला त्रिकास्थीच्या चाचणीबद्दल विचारावं.